काचेच्या हौदातील शेजार

वाहत्या नदीत राहणाऱ्या माशाला शेजाऱ्याची निवड करावी लागत नाही. बलिष्ठ मासा समोरून आला तर त्याला कपारीत शिरता येते, एका डोहातील अन्न सरले तर दुसऱ्या डोहाकडे जाता येते, आणि पावसाळ्यात पाणी काठ सोडून शेतांत पसरले की त्याच्यासाठी आपोआप नवा मुलूख खुला होतो. निरनिराळ्या स्वभावांचे मासे एकाच पात्रात नांदताना दिसतात ते परस्परांपासून दूर राहण्याची ही सोय त्यांना असते म्हणून. हीच नदी जेव्हा दीड हात लांबीच्या काचेच्या टाकीत आटते, तेव्हा ती सोय माशाकडून काढून घेतली जाते, आणि कोणी कोणाजवळ राहावे हे ठरविण्याचा अधिकार, पर्यायाने त्याची सारी जबाबदारी, टाकी मांडणाऱ्या माणसाकडे येते. हा अधिकार माणसाने कसा वापरला, त्यात तो कोठे फसला आणि कोणत्या ज्ञानाने सावरला, याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. आणि तो बारकाईने पाहिला म्हणजे असे ध्यानात येते की, केवळ रंगांच्या आवडीने जमविलेला माशांचा मेळा क्वचितच टिकला, आणि ज्यांनी माशाचे मूळ पाणी कोणते, त्याचे अन्न कोणते व त्याचा स्वभाव कसा हे आधी विचारले, त्यांच्याच टाकीत खरा शेजार निर्माण झाला.

या विचाराचा एक फार जुना लेखी दाखला रोमन लोकांच्या कृषिग्रंथांत सापडतो. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात नेपल्सच्या आखाताभोवती धनाढ्य जमीनदारांनी आपल्या वाड्यांना लागून समुद्राचे पाणी आत घेणारे मोठमोठे हौद बांधले होते, आणि त्यांत मासे पाळणे हे वैभवाचे लक्षण मानले जात होते. वॅरो या विद्वानाने ख्रिस्तपूर्व 37 च्या सुमारास, आपल्या वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, शेतीवर जो ग्रंथ लिहिला त्यात या हौदांचे वर्णन आहे. चित्रकार ज्याप्रमाणे निरनिराळ्या रंगांचे मेण ठेवण्यासाठी कप्प्यांची पेटी बाळगतात, त्याप्रमाणे हे मत्स्यप्रेमी धनिक माशांच्या निरनिराळ्या जातींसाठी कप्प्यांचे हौद बांधतात, असे तो सांगतो. त्यानंतर इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या ग्रंथकाराने मोरे नावाच्या सापासारख्या सागरी माशाविषयी स्पष्ट इशारा देऊन ठेवला की, हा मासा इतर जातींबरोबर ठेवू नये, कारण कुत्र्याला पिसाळ चढावी तसा तो एकदा चवताळला म्हणजे खवल्यांच्या माशांची धूळधाण करून टाकतो. रोमन लोकांची ही तोड भिंतीची होती. जातींचे परस्परांशी पटत नाही हे त्यांनी ओळखले होते, आणि ओळखून त्यांनी प्रत्येकीला स्वतंत्र दालन दिले होते. परंतु का पटत नाही, आणि भिंतीवाचून पटविता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उद्भवला नाही, कारण त्यांचे हौद अखेर भोजनगृह आणि प्रतिष्ठा यांच्यासाठीच होते.

आपल्याकडे या प्रश्नाच्या पहिल्या पायरीवर दक्षिणेच्या एका राजाने विचार केलेला आढळतो. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने इसवी सन 1129 मध्ये रचलेल्या ‘मानसोल्लास’ या विश्वकोशात्मक संस्कृत ग्रंथात राजाच्या विविध विनोदांबरोबर मत्स्यविनोदाचेही प्रकरण आहे. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 साली या प्रकरणाचे विवेचन आधुनिक वाचकांपुढे ठेवले. प्रकरणाचा हेतू गळाने मासे धरण्याचा आहे, टाकीत पाळण्याचा नव्हे. तथापि गळ टाकण्याआधी सोमेश्वर माशांची रीतसर वर्गवारी करतो. समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि खवल्यांवाचूनचे कोणते, आकाराने मोठे कोणते व लहान कोणते, आणि कोणत्याला कोणते खाद्य रुचते, असा तो तपशील आहे. मासा ही एक सरसकट जिन्नस नसून त्यात निवासाचे, देहाचे आणि आहाराचे भेद आहेत, ही जाणीव दख्खनच्या दरबारात बाराव्या शतकात ग्रंथबद्ध झाली होती. आजही टाकीत दोन मासे एकत्र ठेवण्यापूर्वी पाणी, आकार आणि आहार यांचीच चौकशी प्रथम करावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्गवारीचे मोल कळते.

चीन देशाने याच्या नेमका उलट मार्ग धरला. तेथे सुंग राजवटीत हांगचौ येथील राजवाड्यांच्या तळ्यांत सोनेरी रंगाचे मासे हौसेने पाळले जात. पुढे मिंग काळात ते तळ्यातून मातीच्या व चिनी मातीच्या कुंडांत आले, आणि 1596 साली चांग च्येन्ते याने त्यांच्या संगोपनावर एक पुस्तिकाही लिहिली. मोठ्या संख्येने पिल्ले आणावीत, ती अनेक कुंडांत वाटावीत, रोजच्या रोज पाहणी करून उणी वाटतील ती काढून टाकावीत आणि शेवटी निवडक तेवढी राखावीत, अशी ती पद्धती होती. कुंडातील माशाला शत्रू नव्हता, प्रतिस्पर्धी नव्हता, अन्नासाठी धावपळ नव्हती. म्हणून तळ्यात ज्यांचा निभाव लागला नसता असे दुहेरी शेपटीचे, फुगीर पोटाचे, बटबटीत डोळ्यांचे प्रकार त्या एकांतात जगले आणि वाढले. आज घरोघरी दिसणारा गोल्डफिश हे त्या शतकानुशतकांच्या एकांताचेच अपत्य आहे, आणि म्हणूनच चपळ माशांच्या संगतीत त्याचे हाल होतात; खाद्य पाण्यात पडून तो तोंड वळवितो न वळवितो तोच इतरांनी ते संपविलेले असते, आणि त्याच्या लोंबत्या परांचे तुकडे होऊ लागतात. त्यातून त्याला थंड पाणी मानवते, तर बाजारातील बहुतेक इतर शोभेच्या माशांना उबदार पाणी लागते. गोल्डफिशचा शेजार गोल्डफिशनेच करावा हा नियम त्या चिनी कुंडांनीच घालून दिलेला आहे.

भिंत आणि एकांत या दोन्ही तोडग्यांच्या पलीकडे जाणारा विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनमध्ये जन्मला, आणि तो एका रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर जन्मला हे विशेष आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन हा तेथील औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेत रसायनज्ञ होता. 1849 साली त्याने सुमारे बारा गॅलनांचे एक काचपात्र घेतले, ते अर्धे झऱ्याच्या पाण्याने भरले, तळाशी वाळू, गाळ आणि आसऱ्याला दगड ठेवले, व्हॅलिसनेरिया नावाची लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासा जो वायू बाहेर टाकतो तो वनस्पती घेईल आणि वनस्पती जो प्राणवायू देईल त्यावर मासा जगेल, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस सारे यथास्थित चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला आणि दोन्ही मासे धोक्यात आले. पाणी बदलून टाकण्याचा सोपा मार्ग वॉरिंग्टनने घेतला नाही. तळ्यात हेच पान कुजते तेव्हा त्याचे काय होते, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि उत्तरादाखल तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई त्या पात्रात आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व काचेवरचा थर खाऊन पाणी निवळले. शिवाय त्यांनी घातलेली अंडी माशांच्या पोटी गेली, म्हणजे जी घाण माशांच्या जिवावर उठली होती तीच गोगलगाईंच्या द्वारे त्यांचे अन्न झाली. 1850 साली वॉरिंग्टनने हा प्रयोग लंडनच्या रसायन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

टाकीतील सोबत्यांच्या इतिहासात या गोगलगाईंचे स्थान फार वरचे आहे, असे मी मानतो. तोवर सोबती म्हणजे जो दुसऱ्याला खाणार नाही तो, एवढीच कल्पना होती. सोबती म्हणजे ज्याच्या असण्याने दुसऱ्याचे जगणे शक्य होते तो, ही नवी कल्पना त्या पात्रात सिद्ध झाली. ग्रंथातील शब्दांनी जे सांगून पटले नसते ते पाच-सहा क्षुद्र जीवांनी पाणी निवळून दाखवून दिले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काचेवरील कर 1845 साली उठला होता, काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे समुद्रकिनारा शहरांच्या आवाक्यात आला होता. 1853 च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत हातभार लावणाऱ्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्याने 1854 साली या विषयावर जे पुस्तक लिहिले त्याने मध्यमवर्गीय घरांत या छंदाची लाटच आणली. खेकडे, समुद्रफुले, कोळंबी, लहान मासे असे जे जे खडकांवरील डबक्यांत सापडेल ते ते एकाच टाकीत येऊ लागले, आणि थोड्याच दिवसांत बलवानांनी दुर्बलांचा व कुजणाऱ्या प्रेतांनी बलवानांचा निकाल लावला. लाट ओसरली तेव्हा अनेक घरांत रिकामी पात्रे उरली. किनाऱ्यांचे नुकसान मात्र त्याहून टिकाऊ ठरले. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात, वडिलांच्या लेखणीने प्रेरित झालेल्या संग्राहकांनी किनाऱ्यावरची ती रम्य डबकी कशी लुटून उजाड केली, याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला आहे. घरातल्या टाकीतील अविचार घराबाहेरच्या पाण्यापर्यंत पोहोचतो, याचा हा पहिला मोठा धडा होता, आणि दुर्दैवाने तो शेवटचा ठरला नाही.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एका रकमेची नोंद राहून गेली होती, आणि ती भरून काढण्यास त्याच्याच घराण्याचा हातभार लागावा हा इतिहासातील एक सुंदर योग आहे. त्याचा त्याच नावाचा मुलगा रॉदमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रसायनज्ञ होता. जमिनीतील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि हे काम सूक्ष्म जीव दोन टप्प्यांत करतात, याचा छडा लावण्यात त्याने वर्षानुवर्षे खर्ची घातली. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीव वेगळे करून दाखविले. शेतीसाठी केलेला हा शोध टाकीलाही तंतोतंत लागू पडतो. माशाच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया हा त्याच्या कल्ल्यांना विष आहे, आणि वाळूत, दगडांवर, गाळणीत वस्ती करणारे हे अदृश्य जीव त्याला निर्विष करतात; त्यांची वस्ती जमण्यास काही आठवडे लागतात, आणि ती जेवढी असेल तेवढ्याच माशांचा भार टाकी सोसू शकते. म्हणजे माशाचे पहिले सोबती डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ते स्थिरावण्यापूर्वीच टाकी भरून टाकणाऱ्याचे मासे कितीही गुण्यागोविंदाने राहणारे असले तरी मरतात.

यानंतरचा अध्याय उष्ण प्रदेशांतील माशांचा आहे. 1869 साली पॅरिसमध्ये प्येर कार्बोनिए याच्याकडे चीनमधून पॅरडाइज फिश नावाचे देखणे, पट्टेदार मासे आले, आणि त्याने त्यांची वीणही यशस्वी केली. नर फेसाचे घरटे बांधतो, अंडी राखतो आणि त्या काळात जवळ येणाऱ्या कोणालाही, स्वतःच्या मादीलासुद्धा, मारून पिटाळतो, हे यांच्या निमित्ताने युरोपातील हौशी लोकांना पाहावयास मिळाले. देखणेपण आणि सालसपणा यांचा परस्परांशी संबंध नसतो हेही त्यांना याच माशाने शिकविले.

याच्याच नात्यातला सयामचा लढाऊ मासा, ज्याला आपल्या बाजारात नुसते ‘फायटर’ म्हणतात, तो तर झुंजीसाठीच पिढ्यानुपिढ्या निवडून वाढविलेला होता. थिओडोर कँटर या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टराने 1849 साली या माशाविषयी लिहिताना नमूद केले आहे की, सयाममध्ये त्याच्या झुंजींवर लोक भारी पैजा लावतात आणि त्या झुंजी भरविण्याचा इजारा देऊन राजाच्या खजिन्यात चांगला महसूल जमा होतो. या माशाच्या डोक्यात कल्ल्यांखेरीज एक चक्रव्यूहासारखे इंद्रिय असते, त्याच्या साह्याने तो पृष्ठभागावरची हवा घेऊन जगतो, आणि म्हणून भातखाचरातील उथळ पाण्यात त्याचा निभाव लागतो. या गुणाचाच आधार घेऊन व्यापाऱ्यांनी त्याला मुठीएवढ्या बरणीत कोंडले. दुकानात एकमेकींना लागून मांडलेल्या बरण्यांमधले पुठ्ठ्याचे तुकडे विक्रेत्याने क्षणभर काढले की दोन्हीकडचे नर कल्ल्यांची झाकणे ताठ उभारून, सारे पर पसरून काचेवर धडका देऊ लागतात. गिऱ्हाइकाला ते सौंदर्यदर्शन वाटते, माशाच्या दृष्टीने तो संपू न शकणारा रणप्रसंग असतो. दोन नर एकत्र नकोत हे सर्वांना ठाऊक असते. परंतु लांब पिसाऱ्याचा नर गप्पी किंवा एखादा झगझगीत गोरामीही फायटरला आपला प्रतिस्पर्धीच भासू शकतो, हे पुष्कळांना माशाचा पर फाटल्यावर कळते.

उष्ण प्रदेशांतील या नव्या पाहुण्यांत भारताचा वाटा मोठा होता. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने कंपनी सरकारच्या हुकमाने बंगाल इलाख्याची पाहणी करताना गंगा आणि तिच्या उपनद्यांतील मासे टिपून ठेवले आणि 1822 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निळ्या पट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब, बुटका लालिया गोरामी, मधाच्या रंगाचा हनी गोरामी, आरपार दिसणारा ग्लास फिश, या जगभरच्या टाक्यांतील लोकप्रिय माशांची शास्त्रीय ओळख त्या ग्रंथानेच प्रथम करून दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी हे मासे आणि त्यांच्याबरोबर दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आग्नेय आशिया येथील मासे जहाजांवरील खलाशांच्या हातून हॅम्बर्गसारख्या बंदरांत उतरू लागले. टाकीखाली दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवून पाणी ऊबदार राखण्याची युक्ती निघाली, पुढे विजेने ते काम सुलभ केले, आणि तीन खंडांतील मासे एकाच काचेमागे एकत्र दिसू लागले. अनेक जातींनी मिळून राहण्याची ही जी सामाईक टाकी, तीच आज सामान्य माणसाच्या मनातील टाकी होय.

अशा टाकीला घटना लागते, आणि ती लिहून काढण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत फिलाडेल्फिया येथील विल्यम इनेस याचे नाव अग्रभागी आहे. व्यवसायाने मुद्रक असलेल्या या गृहस्थाने 1935 साली शोभेच्या परदेशी माशांवर काढलेल्या सचित्र ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात मासा कोठला, त्याला किती ऊब लागते, तो शांत की भांडखोर, त्याची वीण कशी होते, अशी माहिती एकेका जातीच्या नावे दिलेली असे. अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात नुकत्याच सापडलेल्या, निळ्या-तांबड्या तेजाने चमकणाऱ्या निऑन टेट्राला 1936 साली शास्त्रीय नाव देताना जॉर्ज मायर्सने इनेसच्याच नावाची योजना केली. या इवल्याशा माशानेच सामाईक टाकीची कठीण परीक्षा घेतली. निऑनचा थवा आणि रुबाबदार एंजल ही जोडी डोळ्यांना फार मोहविते, आणि दोन्ही अॅमेझॉनच्याच मऊ, किंचित आम्ल पाण्यातले; म्हणून अननुभवी माणूस ती निःशंकपणे एकत्र आणतो. एंजल रुपयाएवढा असतो तोवर काही बिघडत नाही. तो तळहाताएवढा झाला की रात्री दिवा मालवल्यावर, निऑन पानांआड स्तब्ध विसावलेले असताना, थव्यातला एकेक मासा कमी होऊ लागतो. यात एंजलचा दुष्टपणा काहीच नाही; उभ्या देठांच्या गर्दीतून आपले चपटे अंग सरकवून लहान मासे टिपणे हे त्याचे मूळचेच जीवन आहे. जे ज्याच्या तोंडात मावते ते त्याचे अन्न, हा पाण्याखालचा सर्वांत जुना कायदा आहे, आणि विकत घेताना दिसणारा आकार हा माशाचा खरा आकार नसतो, हे त्याला जोडून आलेले कलम आहे.

केवळ आकार आणि पाणी जुळल्याने भागत नाही, हे पुढील पिढीच्या अभ्यासाने दाखवून दिले. ब्लीकर या डच लष्करी डॉक्टराने 1855 साली सुमात्रा बेटावरून वर्णिलेला टायगर बार्ब हा काळ्या पट्ट्यांचा छोटा मासा दोनतीनच्या संख्येत ठेवला तर गोरामीच्या दोऱ्यासारख्या लांब परांचे लचके तोडीत त्याच्यामागे हिंडतो. तोच आठदहांच्या थव्यात ठेवला म्हणजे त्यांची चढाओढ आपसांतच चालते आणि शेजाऱ्यांना पुष्कळसा निवांतपणा मिळतो. एकाच्या स्वभावाचा दोष म्हणून जे दिसत होते ते वस्तुतः त्याच्या एकाकीपणाचे फळ होते. ऑस्ट्रियाच्या कॉनराड लोरेन्झ याने आपल्या टाक्यांतील व प्रवाळखडकांवरील मासे पाहून 1963 सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मासा परजातीपेक्षा स्वजातीच्या माशावर अधिक तुटून पडतो, कारण अन्न, जागा आणि जोडीदार या तिन्हींसाठी त्याचा खरा दावेदार तोच असतो. आफ्रिकेतील मालावी सरोवराच्या खडकाळ काठावरचे रंगीत सिक्लिड मासे घरोघरी आले तेव्हा या सिद्धान्ताची प्रचीती आली. त्या कठीण, क्षारयुक्त पाण्यातील माशांत अॅमेझॉनचा मासा पाण्यामुळेच टिकत नाही, आणि त्यांच्या आपसांतील वैरावर उपाय म्हणून अनुभवी लोक मुद्दाम दाट वस्ती करतात व कपारी भरपूर ठेवतात, म्हणजे मारणाऱ्याचा रोख एकाच बळीवर स्थिरावत नाही.

हे सर्व ज्ञान परदेशातून आले असे समजून आपण आपल्या ओढ्यांकडे पाहण्याचे सोडू नये. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी जमविण्याच्या कामगिरीवर असताना भीमा आणि तिच्या उपनद्यांतील मासे गोळा करीत होता, आणि 1839 च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध करताना अनेक जातींना येथील कोळी लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. त्यातले अळकुट, मळ्या आणि शिंगटा हे तीनच मासे घेतले तरी सहवासाचे सारे शास्त्र त्यांत पाहता येते. अळकुटाचे तोंड वर वळलेले. तो पृष्ठभागालगत फिरून पाण्यावर पडणारे किडे टिपतो. मळ्याचे तोंड खालच्या अंगाला. तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. शिंगट्याला मिशा, तो अंधार पडल्यावर तळाचा गाळ चाचपीत निघतो. एकाच डोहात राहून तिघांची वाट एकमेकांना आडवी जात नाही, कारण त्यांनी पाण्याची उंची आणि दिवसाचे प्रहर वाटून घेतलेले आहेत. टाकी मांडणाऱ्याने वरच्या, मधल्या आणि तळच्या थरात स्वतंत्र वस्ती करावी हा जो नियम पुस्तकांत सांगितला जातो, तो सह्याद्रीच्या कोणत्याही स्वच्छ ओढ्याने आधीच पाळलेला आहे.

महाराष्ट्रात या विषयाची गोडी सामान्य जनांना लावण्याचे मोठे कार्य मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने केले. एका पारशी कुटुंबाच्या देणगीच्या साह्याने मरीन ड्राइव्हवर उभारलेल्या या मत्स्यालयाचे उद्घाटन 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि शाळांच्या सहलींतून आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम तेथेच पाहिला. त्या मुलांपैकी पुष्कळ जण पुढे क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे घेऊन घरी परतले. या दुकानांतला जाणता विक्रेता पिशवीला गाठ मारण्यापूर्वी टाकी किती फुटांची, किती दिवसांपूर्वी भरली आणि आत काय आहे, हे विचारतो, आणि उत्तर ऐकून प्रसंगी मासा देण्याचे नाकारतोही. असे विक्रेते या व्यवसायाचे भूषण आहेत, कारण एका विक्रीचा तोटा सोसून ते गिऱ्हाइकाची हौस आणि माशाचा जीव दोन्ही राखतात.

हे न विचारले गेल्याचे परिणाम आज भीमेच्या पाण्यात दिसत आहेत. दक्षिण अमेरिकेतील ‘सकर’ मासा काचेवरील शेवाळ साफ करणारा सोबती म्हणून बोटभर लांबीचा असताना विकला जातो. त्याची वाढ फुटाच्या वर जाते, टाकी त्याला पुरेनाशी होते, आणि मारवत नाही म्हणून दयाबुद्धीने लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. त्याच्या अंगावर चिलखतासारखी कडक कवचे व काटे असल्याने त्याला खाणारा शत्रू येथे फारसा नाही. उजनीच्या जलाशयात त्याची जी पैदास झाली आहे तिने मासेमारांची जाळी फाटतात, आणि विकावयास जाळ्यात दुसरे काही उरत नाही अशी त्यांची तक्रार आहे. साइक्सने ज्या नदीचे मासे कोळ्यांच्या नावांनिशी जगापुढे मांडले, तिच्यातल्या मूळ रहिवाशांना हा शेजारी कोणी विचारून दिलेला नाही. गॉसच्या काळात टाकीने किनारा लुटला होता, आपल्या काळात टाकी नदीला नको असलेले ओझे देत आहे, आणि दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे: घेण्याच्या क्षणी न केलेल्या विचारात.

वॅरोच्या कप्प्यांपासून आजच्या सामाईक टाकीपर्यंतचा हा प्रवास पाहता, सोबती निवडण्याचे ज्ञान म्हणजे हौसेच्या कडेला लावलेली झालर नव्हे, तर तीच मूळ हौस आहे असे मला निश्चितपणे वाटते. मासा विकत घेण्यापूर्वी तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, त्याचे पाणी मऊ की कठीण, थंड की उबदार, तो कोणत्या थरात वावरतो, त्याला स्वजातीयांचा थवा हवा की एकांत, आणि त्याच्या तोंडात शेजारी मावेल काय, एवढ्या गोष्टींचा हिशेब कागदावर मांडणे कोणालाही अवघड नाही. आणि जो हिशेब जुळत नसेल त्या माशाचे सौंदर्य दुकानातच पाहून समाधान मानणे हाही त्या हौसेचाच भाग आहे. माशाकडून आपण शेजार निवडण्याचा अधिकार घेतला आहे. तो अधिकार ज्ञानपूर्वक वापरणे एवढे देणे तरी आपण त्याला लागतो.